बूट घेताना: भट्टीपुढचे आणि बर्फातले

पंडरीतून बोलतोय, म्हणजे छत्तीसगडातल्या रायपूरच्या पंडरीतून. पंडरी म्हटलं की इकडच्या माणसाला कापड आठवतं. ठोक कापडाचा मोठा बाजार आहे, लग्नाचा बस्ता बांधायला लांबलांबून लोक येतात. फौजेतून निवृत्त होऊन इथे राहायला लागलो तेव्हापासून कापडाबद्दल मला कोणी काही विचारलेलं नाही. बुटांबद्दल मात्र वर्षभर विचारतात. "साहेब, मजबूत बूट कुठला घ्यायचा?" माणूस तीसेक वर्षं बुटात राहिला म्हणजे त्याला त्यातलं कळत असणार, असा लोकांचा समज आहे. थोडंफार कळतं, ते आज सांगतो.

विचारणारे दोन प्रकारचे असतात. पहिला उरला किंवा सिलतऱ्याच्या कारखान्यात जाणारा. स्पंज आयर्न, रोलिंग मिल, वेल्डिंग, गोदाम असं काहीतरी काम. दुसरा लेहला फिरायला निघालेला, नाहीतर ज्याचा मुलगा कॅनडात शिकायला चालला आहे असा बाप. दोघांचं म्हणणं एकच: एकदाच घेऊ, चांगला जाड घेऊ, दहा वर्षं बघायला नको. आणि दोघंही दुकानात जाऊन तोच बूट हातात घेतात, जो सर्वांत जड लागतो. आता बघा, पहिल्याला बाहेरची आग आत येऊ द्यायची नाही, दुसऱ्याला आतली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही. एकाला दिवसाचे दहा तास काँक्रीटवर उभं राहायचं आहे, दुसऱ्याला वर्षातून पंधरा दिवस चालायचं आहे. या दोघांचा बूट एक कसा असेल?

आधी थंडीचं बोलू, कारण तिथे गैरसमज जास्त आहेत.

बूट गरम नसतो. दुकानदार "एकदम गरम माल है" म्हणतो तेव्हा हे लक्षात ठेवा. ऊब शरीरात तयार होते, रक्त ती पायाच्या बोटांपर्यंत पोचवतं, आणि बूट फक्त तिला धरून ठेवतो. धरून ठेवतो तोही मुख्यतः अडकलेल्या हवेच्या जोरावर. लोकर, फेल्ट, फर, हे सगळे हवा अडकवायचे प्रकार आहेत. आता तुम्ही तंग बूट घातलात, वर दोन-तीन मोजे कोंबलेत, लेस करकचून आवळलीत, तर हवाही गेली आणि रक्तही अडलं. मग तो बूट पंधरा हजारांचा असो की दीड हजारांचा, बोटं गार पडणारच.

दुसऱ्या महायुद्धात हे फार मोठ्या प्रमाणावर दिसलं. १९४१ च्या हिवाळ्यात जर्मन फौज मॉस्कोच्या दारात होती. त्यांचे बूट उत्तम चामड्याचे, मापात बसणारे, तळाला लोखंडी खिळे ठोकलेले. कवायतीला आणि लांब कूच करायला झकास. पण मापात बसणाऱ्या बुटात जादा मोजा मावत नव्हता, आणि प्रत्येक खिळा पायाची उष्णता जमिनीत सोडत होता. त्या एका हिवाळ्यात एक लाखाहून जास्त जर्मन सैनिकांना हिमदंश झाला. समोर रशियन सैनिकाच्या पायात वालेंकी होते, म्हणजे लोकर कुटून केलेले फेल्टचे बूट. ना लेस, ना शिवणीचा डौल, दिसायला गोणपाटासारखे. कोरड्या बर्फात त्यांना तोड नव्हती. (ओल्या बर्फात तेही निकामी, म्हणून वरून रबरी कव्हर चढवायचे.)

आपल्याकडचा धडा १९६२ चा. नामका चू नदीवर, दहा हजार फुटांहून उंच जागी, सातवी इन्फंट्री ब्रिगेड ऑक्टोबरात उभी होती, आणि कित्येक जवानांच्या अंगात उन्हाळी सुती गणवेश आणि पायात कॅनव्हासचे बूट होते. त्या ब्रिगेडचे कमांडर ब्रिगेडिअर जॉन दळवी यांनी नंतर लिहिलेलं 'हिमालयन ब्लंडर' हे पुस्तक ज्यांना इंग्रजी चालतं त्यांनी वाचावं. आम्ही नोकरीत आलो तेव्हा त्या लढाईतून गेलेले काही ज्येष्ठ अजून हयात होते, आणि ते रायफलींपेक्षा बुटांबद्दल जास्त बोलत. एप्रिल १९८४ मध्ये सियाचेनवर चढाई झाली तेव्हापासून तिकडे दुहेरी बूट चालतात: बाहेर कडक कवच, आत वेगळा काढता येणारा उबदार बूट. त्या आतल्या बुटाचा मोठा फायदा असा, की रात्री तो काढून स्लीपिंग बॅगमध्ये सोबत घेता येतो. दिवसभराचा घाम रात्रीत सुकतो, सकाळी पाय गोठलेल्या बुटात घालावा लागत नाही.

म्हणजे थंडीसाठी दोन गोष्टी: बोटांना जागा आणि कोरडेपणा. बाकी सगळं नंतर.

जागेचं सांगतो. आपल्याकडे मिळणाऱ्या बुटांचे नंबर इंग्लंडच्या मापावर चालतात. नंबर वाढला की लांबी एक तृतीयांश इंच, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपास वाढते. पण हे नंबर लांबीचे आहेत, रुंदीचं कोणी बोलत नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले, आणि त्यातून भारतीय पाय युरोपी-अमेरिकी पायांपेक्षा रुंद असल्याचं पुढे आलं. त्यावरून त्यांनी 'भा' नावाची भारतीय मापांची पद्धत सुचवली. ज्याने लहानपण अनवाणी काढलं त्याला हे सांगायला संशोधन लागत नाही. आपण काय करतो, तर रुंदीला बूट चावतो म्हणून लांबीला एक नंबर मोठा घेतो, मग टाच आत सरकते, टाच सरकू नये म्हणून लेस आवळतो, आणि पावलाच्या वरचा रक्तप्रवाह स्वतःच्या हाताने दाबतो. रुंद फर्म्याचा बूट मागा. काही कंपन्या 'वाइड' असं लिहितात. लिहिलं नसेल तर बुटातला इनसोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा, त्यावर उभे राहा. करंगळीचा सांधा बाहेर लटकत असेल तर तो बूट तुमचा नाही, कितीही आवडला तरी.

बूट घ्यायला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. जे मोजे घालणार आहात तेच घरून न्या, दुकानातला पातळ नायलॉनचा मोजा चढवून माप घेऊ नका. लेस न बांधता पाय पुढे पूर्ण सरकवा, टाचेमागे एक बोट सहज गेलं पाहिजे. मग लेस बांधून दुकानाच्या पायऱ्या उतरा. उतरताना बोटं पुढे आदळली तर डोंगरावरून उतरताना नखं काळी होणार हे नक्की समजा. आणि बुटाच्या आत सगळी बोटं हलवता आली पाहिजेत, हार्मोनियमच्या पट्ट्यांवर फिरतात तशी. थंडीत हलणारं बोट जिवंत असतं.

आता कोरडेपणा. पाय जायला शून्याखालचं तापमान लागतं असं नाही. पहिल्या महायुद्धात, १९१४-१५ च्या हिवाळ्यात, फ्रान्स-बेल्जियमच्या चिखलाने भरलेल्या खंदकांत ब्रिटिश फौजेच्या सुमारे वीस हजार सैनिकांचे पाय सडले. आपल्या हिंदुस्थानी पलटणीही त्या हिवाळ्यात तिथेच होत्या. तापमान बर्फाच्या वर, पण पाय दिवसचे दिवस ओले, गार आणि तंग बुटात. त्याला 'ट्रेंच फूट' नाव पडलं. उपाय काय निघाला, तर रोज बूट काढणं, पाय पुसणं, मोजे बदलणं, आणि हे प्रत्येक सैनिकाने केलं की नाही हे अधिकाऱ्याने स्वतः बघणं. फौजेत अधिकारी जवानांचे पाय तपासतो ही पद्धत आजही आहे. नवीन लेफ्टनंटला ती कमीपणाची वाटते, पहिल्या हिवाळ्यापर्यंत. भाताच्या रोपणीत पायाला चिखल्या झालेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ओलं कातडं किती लवकर हार मानतं हे ठाऊक आहे. थंडी त्यात भर घालते इतकंच.

म्हणून मोज्यांवर पैसे घाला. सुती मोजा घाम पितो आणि धरून बसतो, थंडीत तो पायाला गुंडाळलेला ओला फडका होतो. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पोटात घेते तरी अंगाला ओली लागत नाही, आणि ओली झाली तरी बरीचशी ऊब राखते. आत पातळ सिंथेटिक मोजा, वर एक जाड लोकरी, बस. तिसरा घालू नका. रोजचे तीन जोड हवेत: एक पायात, एक सुकत, एक कोरडा पिशवीत, आणि तो पिशवीतला जोड कशासाठीही वापरायचा नाही. सुकवायला ऊन नसेल तर शर्टाच्या आत पोटाशी ठेवायचे. वास येतो, चालतं.

वॉटरप्रूफ बुटांबद्दल नेहमी विचारतात. आत पातळ पडदा असतो, तो बाहेरचं पाणी अडवतो आणि आतल्या घामाची वाफ बाहेर सोडतो. हे खरं आहे, पण वाफ बाहेर जायला आतली हवा बाहेरच्यापेक्षा जास्त दमट असावी लागते. मनालीच्या कोरड्या थंडीत ते जमतं, रायपूरच्या जुलैत जमत नाही. शिवाय वरून पाणी आत शिरलं की असा बूट सुकायला दोन-दोन दिवस घेतो. बर्फात, ओल्या गवतात चालायचं असेल तर घ्या. कारखान्यासाठी त्याच्यावर पैसे खर्च करण्यात अर्थ नाही.

लेहला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. जून ते सप्टेंबर गाडीने फिरणार असाल, खारदुंग ला बघून परत येणार असाल, तर घरातले चांगले स्पोर्ट्स शूज आणि लोकरी मोजे पुरतात. बर्फाचे बूट घेऊन पाहुण्यांत मिरवायची गरज नाही. जानेवारीत झंस्कार नदीच्या गोठलेल्या पात्रावरून चालायला, म्हणजे चादर ट्रेकला, महाराष्ट्रातून बरीच मुलं जातात. तिथे महागडे ट्रेकिंगचे बूट पिशवीत राहतात आणि सगळे साधे रबरी गमबूट घालून चालतात. बर्फावर घोटाभर पाणी चढतं, त्यात चामड्याचा बूट एकदा भिजला की रात्री त्याची वीट होते. लडाखी हमाल पहिल्यापासून गमबूटच घालतात. एक नंबर मोठा, आत फेल्टचा इनसोल, दोन मोजे. रबर घाम अडवतं, म्हणून संध्याकाळी मोजे बदलणं चुकवायचं नाही.

आमच्या छत्तीसगडात मैनपाटला आणि चिल्फीच्या घाटात थंडीत दंव गोठतं, पण रायपूर शहराला उबदार अस्तराच्या बुटाची गरज नाही. जानेवारीत आठ-दहा अंशांवर पारा उतरला की बाजारात फरवाले बूट लटकू लागतात. दुपारी पाय त्यात शिजतो.

आता पहिल्या माणसाकडे येऊ, कारखान्याच्या. इथे पाय गार पडून जात नाही, चिरडून, भाजून किंवा घसरून जातो.

सेफ्टी शूजचं आपलं मानक आहे आयएस १५२९८. त्याचे भाग आहेत आणि दुकानात ते कोणी समजावून सांगत नाही. भाग २ म्हणजे 'सेफ्टी': पुढची टोपी २०० जूलचा आघात सोसते. २०० जूल म्हणजे वीस किलोचा तुकडा साधारण एक मीटरवरून पडला तर. दाब सोसते १५ किलोन्यूटन, म्हणजे दीड टनाचा भार. भाग ३ म्हणजे 'प्रोटेक्टिव्ह', त्याची टोपी १०० जूलची, बरोबर निम्मी. भाग ४ म्हणजे 'ऑक्युपेशनल', त्यात टोपीच नसते. तिन्ही बूट बाहेरून सख्खे भाऊ दिसतात. आयएसआयचा छाप बघा, त्याच्याखाली कोणता भाग लिहिला आहे तेही बघा.

मग इंग्रजी अक्षरं. 'एस १' म्हणजे टोपी, बंद टाच, टाचेखाली धक्का शोषणारा थर, तेलाला टिकणारा तळ. 'पी' जोडलं असेल तर तळात खिळा न शिरणारी पट्टी. 'एस ३' म्हणजे त्यावर पाण्याला तोंड देणारं चामडं आणि खोल खाचांचा तळ. बांधकामावर फळ्यांतले खिळे असतात, तिथे 'पी' नसलेला बूट घेऊ नका. आणि भट्टी, रोलिंग मिल, गरम सळया अशी जागा असेल तर 'एचआरओ' ही तीन अक्षरं शोधा. याचा अर्थ तळ ३०० अंश सेल्सिअसच्या पृष्ठभागावर एक मिनिट टिकतो. असा तळ नायट्रिल रबराचा असतो. बाजारात जो हलका, मऊ, पायाला आवडणारा तळ मिळतो तो पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा. गोदामाला तो उत्तम, गरम लोखंडापुढे तो मऊ पडतो आणि वितळतो. आमच्या गल्लीतला एक मुलगा मिलमध्ये लागला, स्वतःच्या पैशाने चांगला जाड बूट घेऊन गेला, आणि तिसऱ्या आठवड्यात तळाला गरम सळईचा आडवा चर पडला. पाय वाचला. बूट वजनाने भक्कम होता, जिनसेने चुकीचा होता.

जिथे वितळलेला धातू उडतो तिथे लेसचा बूट मुळीच नको. थेंब लेसमध्ये, जिभेच्या फटीत अडकतो आणि बूट काढायला वेळ लागतो. तिथे बिनलेसचे, झटक्यात निघणारे बूट असतात आणि पँट बुटाच्या बाहेर सोडायची असते. पँट बुटात खोचलेली ऐटदार दिसते, पण थेंबाला तो सरळ नळा होतो.

आणखी एक, हे इलेक्ट्रिशियन मंडळींनी नीट ऐका. 'अँटिस्टॅटिक' लिहिलेला बूट विजेपासून वाचवत नाही. तो अंगावर साठलेली स्थिर वीज हळूहळू जमिनीत सोडण्यासाठी असतो, म्हणजे तो थोडासा वीजवाहक मुद्दामच ठेवलेला असतो. चालू लाइनवर काम करणाऱ्याला वीजरोधक म्हणून वेगळा तपासलेला बूट लागतो. दोन्ही शब्द दुकानात एकाच दमात उच्चारले जातात, आणि फरक जिवाचा आहे.

लोखंडी टोपीमुळे थंडीत बोटं गोठतात, असं म्हणतात. त्यात माझ्या मते टोपीपेक्षा तिच्या आतली अडचण जास्त जबाबदार. टोपी ताणत नाही, त्यामुळे जाड मोजा घातला की बोटं आवळली जातात. थंड गोदामात काम असेल तर अर्धा-एक नंबर मोठा, रुंद टोपीचा बूट घ्या, टोपी कंपोझिटची मिळाली तर ठीक, आणि 'सीआय' अक्षरं बघा, ती तळातून येणारी थंडी अडवण्याची खूण आहे.

बाप लोकांचा कॅनडाचा प्रश्न इथेच मिटवतो. मुलगा तिकडे गोदामात किंवा बांधकामावर पार्टटाइम काम करणार असेल तर इथला आयएसआय बूट बॅगेत भरून देऊ नका. तिकडे कामावर सीएसए छापाचा बूट मागतात, बुटावर छोटा हिरवा त्रिकोण असतो, तोच चालतो. आणि थंडीचा बूट तिथेच जाऊन घ्यायला सांगा. 'उणे ४० अंश' असं जे लिहिलेलं असतं ते बहुतेक कंपनीचं स्वतःचं म्हणणं असतं. सगळ्यांना बांधणारी एकच चाचणी त्यामागे नसते, शिवाय चालणाऱ्या माणसाला पुरणारा बूट बस स्टॉपवर उभ्या राहिलेल्याला पुरत नाही. इथून द्यायचेच असतील तर चांगले लोकरी मोजे द्या.

टिकाऊपणाचं आता. लोक चामडं दाबून बघतात. बघा, पण बूट सहसा चामड्यात मरत नाही, तो चामडं आणि तळ जिथे जोडलेत तिथे मरतो. तो जोड तीन-चार प्रकारचा असतो. सर्वांत स्वस्त, नुसता चिकटवलेला. बाजारात याला पेस्टिंग म्हणतात. दुसरा, साच्यात घालून तळ थेट चामड्यावर ओतलेला. बहुतेक सेफ्टी शूज असेच असतात. आमच्या फौजेत जुने खिळ्यांचे अम्युनिशन बूट गेले आणि डीएमएस आले, म्हणजे 'डायरेक्ट मोल्डेड सोल', तेही याच जातीचे. हा जोड मजबूत असतो, पण तळ झिजला की बूट संपला, मोच्याला त्यात फारसं काही करता येत नाही. तिसरा वेल्टचा: बुटाच्या कडेने चामड्याची पट्टी शिवतात आणि तळ त्या पट्टीला शिवतात. तळ झिजला तर पट्टीची शिवण उसवून नवा तळ बसतो, वरचं चामडं शाबूत राहतं. असा बूट महाग, जड आणि पहिले पंधरा दिवस चावणारा. पण दहा वर्षांची भाषा करायची असेल तर ती याच्याबद्दल करा, आणि तळ बदलून देणारा मोची गावात आहे की नाही ते आधी बघा. एक सावधगिरी: काही स्वस्त बुटांना कडेने नुसती शोभेची शिवण मारलेली असते. बूट वाकवून फट पाडून बघा, दोरा तळात गेलेला दिसला पाहिजे.

चामड्याची कापलेली कड बघायला मिळाली तर बघा, जिभेच्या टोकाशी बहुतेक दिसते. आतून तंतू दिसतात आणि वरचा थर त्यांच्याशी एकजीव असतो ते चांगलं. वर प्लास्टिकसारखा वेगळा पापुद्रा दिसला तर ते स्प्लिट चामडं रंग चढवून विकलेलं आहे. अंगठ्याने दाबल्यावर बारीक सुरकुत्या पडून मिटतात ते खरं. जीभ दोन्ही बाजूंनी बुटाला शिवलेली हवी, नाहीतर खडी आणि पाणी तिथूनच आत येतं.

आता जी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते, आणि जिच्यामुळे चांगले बूट भर डोंगरात दगा देतात. पीयूचा तळ न वापरताही खराब होतो. हवेतला ओलावा त्यातल्या रसायनाचे दुवे हळूहळू तोडतो, त्याला हायड्रोलिसिस म्हणतात. पाच वर्षांपूर्वी मनालीसाठी घेतलेले बूट, एकदाच घातलेले, पॉलिश करून खोक्यात घालून माळ्यावर ठेवलेले. पाच पावसाळे गेले. आता काढून घातले तर पहिल्या दोन तासांत तळ बिस्किटासारखा भुगा होऊन गळतो. लोक कंपनीला शिव्या देतात. कोकणात, मुंबईत हे लवकर होतं, रायपूरच्या पावसाळ्यातही होतं. प्लास्टिकच्या पिशवीत आवळून ठेवलेला बूट तर आणखी लवकर जातो. पायात असलेला बूट जास्त टिकतो, म्हणून 'चांगला आहे, जपून ठेवू' हा हिशेब इथे उलटा पडतो. महिन्यातून एकदा घालून बाजारात जाऊन या.

यावरून खरेदीचा एक नियम निघतो: सेफ्टी शूजवर निर्मितीचा महिना आणि वर्ष असतं, जिभेच्या आत किंवा तळावर. दुकानात तीन-चार वर्षं पडून राहिलेला पीयू तळाचा बूट निम्म्या किमतीत मिळाला तरी नको. आणि सहलीला निघण्याच्या एक महिना आधी जुना बूट काढून तळाच्या कडेला नख दाबा, बूट वीसेक वेळा वाकवा. बारीक भेगा दिसल्या, चिकट लागलं किंवा पावडर पडली तर तो बूट न्यायचा नाही. पिशवीत थोडी सुतळी आणि रुंद चिकटपट्टी मात्र नेहमी असू द्या. तळ सुटलाच तर पायाला बांधून गावापर्यंत पोचता येतं.

सह्याद्रीत हिंडणाऱ्यांसाठी एक वाक्य जोडतो. पावसाळ्यातल्या शेवाळलेल्या काळ्या कातळावर कडक, टिकाऊ तळ घसरतो. मऊ रबर धरतं आणि लवकर झिजतं. ॲक्शनचे स्वस्त ट्रेकिंगचे बूट महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांनी घातले ते याच पकडीसाठी. तिथे दोन वर्षांत तळ गुळगुळीत झाला तर तक्रार करू नका.

निगा फार नाही. ओला बूट सिगडीजवळ, हीटरपुढे किंवा गाडीच्या इंजिनावर ठेवायचा नाही. चामडं तडकतं, चिकटवलेला जोड सुटतो. इनसोल बाहेर, आत वर्तमानपत्राचे बोळे, दोन तासांनी बोळे बदलायचे, सावलीत वारा. परवडत असेल तर कामाला दोन जोड आलटून पालटून घाला. दोन जोड असे वापरले तर ते एकामागून एक वापरलेल्या दोन जोडांपेक्षा बरेच जास्त चालतात, कारण आतला घाम सुकायला पूर्ण दिवस मिळतो.

शेवटी, एवढं करूनही बर्फात बोटं गेलीच तर काय करायचं ते सांगतो, कारण यात घरगुती उपायांनी फार नुकसान केलेलं आहे. आधी टोचतं, दुखतं. मग दुखणं थांबतं. माणसाला बरं वाटतं आणि तो चालत राहतो. दुखणं थांबलं, बोट पांढरं-पिवळट, मेणासारखं दिसू लागलं की ते गोठतं आहे. त्यावर बर्फ चोळू नका. नेपोलियनच्या फौजेतला सर्जन लारे याच्या काळापासून ती पद्धत दीडशे वर्षं चालली, आणि ती चुकीची ठरून पुष्कळ दिवस झाले. चोळूच नका, कशानेही. आगीपुढे धरू नका, बोटाला चटका कळत नाही आणि ते भाजतं. सुरक्षित निवाऱ्यात पोचल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात, म्हणजे कोपर बुडवल्यावर कोमट लागेल अशा पाण्यात, पाय ठेवा. पाणी निवलं की गरम पाणी पाय बाहेर काढून मगच मिसळा. अर्धा-पाऊण तास लागतो आणि भयंकर दुखतं, वेदनाशामक गोळी द्या. बोटांमध्ये कोरडी गॉज ठेवा, फोड फोडू नका, डॉक्टर गाठा. पण निवारा लांब असेल आणि पाय पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, तर वाटेत वितळवू नका. गोठलेल्या पायावर चालत खाली येता येतं. वितळून पुन्हा गोठलेला पाय मात्र सहसा वाचत नाही.